बिननावाचे वीरगळ

(द्वितीय वर्ष, कला)

लढाऊ विमान म्हातारे झाले की त्याच्यापुढे दोनच वाटा उरतात. एक भंगाराची आणि दुसरी चौथऱ्याची. भंगारात गेलेल्या विमानाचे ॲल्युमिनियम वितळून त्याची पातेली होत असतील तर माझी काहीच तक्रार नाही. पातेले उपयोगी असते. माझी तक्रार आहे ती चौथऱ्यावर चढलेल्या विमानांच्या पायाशी लावलेल्या पाटीबद्दल. उद्यानात, चौकात, शाळेच्या आवारात सिमेंटचा खांब उभा करून त्यावर नाक वर केलेले विमान बसवतात. खाली संगमरवरी पाटी. तिच्यावर मोठ्या अक्षरांत उद्घाटन करणाऱ्या मान्यवरांचे नाव, त्याखाली प्रमुख उपस्थिती, त्याखाली विशेष सहकार्य, आणि जागा उरलीच तर अगदी शेवटी 'मिग २१ लढाऊ विमान'. संपले. विमान कोणते, कुठे बांधले, कोणत्या साली, किती वर्षे उडाले, ह्यातले एक अक्षर नाही. मान्यवर किती वाजता आले ते मात्र कधी कधी असते.

हा विषय आताच काढण्याचे कारण आहे. २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंदीगड येथे मिग २१ ने हवाईदलाचा निरोप घेतला. १९६३ साली ह्या विमानांची आपली पहिली तुकडी ज्या चंदीगडला उभी राहिली, तिथेच बासष्ट वर्षांनी शेवटची विमाने उतरली. म्हणजे आता ही विमाने आकाशात दिसायची नाहीत, फक्त चौथऱ्यावर दिसतील. जी पाटी आज लागेल तीच पुढची पन्नास वर्षे वाचली जाणार.

संपादक मंडळातील एकाने मला विचारले, "मराठी विषय घेतलेल्या मुलीने विमानावर कशाला लिहायचे? पावसावर लिही की." पावसावर ह्या अंकात चार कविता आहेत असे कळते, तेव्हा पाऊस पुरेसा आहे. आणि विमानाचा मराठीशी संबंध नाही असे जे म्हणतात त्यांनी थोडे थांबावे. आपण जुन्या पोथ्यांचे पाठभेद शिकतो. ज्ञानेश्वरी नकलून नकलून इतकी बदलत गेली होती, की शके १५०६ मध्ये एकनाथांना निरनिराळ्या पोथ्या जुळवून शुद्ध प्रत सिद्ध करावी लागली. तेव्हापासून नुसते 'ज्ञानेश्वरी' म्हणून अभ्यासकाचे भागत नाही. कोणती प्रत, असे विचारावे लागते. मिग २१ चे अगदी तसेच आहे. 'मिग २१' हे एका विमानाचे नाव नाही, ते एका घराण्याचे नाव आहे.

मिकोयान आणि गुरेविच ह्या दोन सोव्हिएत रचनाकारांच्या नावांवरून मिग. पहिले नमुने १९५५ साली उडाले. पुढे तीस वर्षांत ह्या घराण्यातली साडेअकरा हजारांच्या जवळपास विमाने बांधली गेली. त्यांतली १०,६४५ सोव्हिएत रशियात, १९४ चेकोस्लोव्हाकियात आणि ६५७ आपल्याकडे. आवाजापेक्षा वेगाने जाणारे दुसरे कोणतेही विमान जगात इतक्या संख्येने झालेले नाही. आपल्याकडची ६५७ विमाने महाराष्ट्रात, नाशिकजवळच्या ओझरला, हिंदुस्थान एरॉनॉटिक्सच्या कारखान्यात झाली. हा आकडा मी आमच्या वर्गात सांगितला तेव्हा दोघांनाच आधीपासून माहीत होता, आणि त्यांतला एक निफाडचा होता.

आता ह्या घराण्यातली माणसे ओळखायची कशी? रशियात घडून आलेली पहिली थोडी विमाने म्हणजे टाइप ७४. मग टाइप ७६. त्यानंतर ओझरला १९६६ पासून जे होऊ लागले ते एफएल, आपल्या भाषेत टाइप ७७. ही सुमारे दोनशे झाली. त्यामागून सत्तरच्या दशकात एम, म्हणजे टाइप ९६, दीडशेच्या वर. आणि शेवटी बिस, म्हणजे टाइप ७५, जे १९८७ पर्यंत बांधले जात होते. हे आकडे वयाच्या क्रमाने नाहीत हे ध्यानात ठेवावे. पंच्याहत्तर हा शहाण्णवचा धाकटा भाऊ आहे. असे का, म्हणून डोके शिणवू नये, आपल्याकडेही थोरल्याचे नाव धाकट्या असते. दोन आसनांची शिकाऊ विमाने आपण बांधलीच नाहीत, ती सगळी बाहेरून आणली. त्याकडे पुन्हा यायचे आहे.

चौथऱ्याखाली उभे राहून नुसत्या डोळ्यांनी एवढे ओळखता येते. पंखाखाली शस्त्रे टांगायचे हूक मोजावेत. प्रत्येक पंखाखाली एकच, म्हणजे दोन्ही मिळून दोन असतील तर ते टाइप ७७ किंवा त्याआधीचे. चार असतील तर एम किंवा बिस. मग पाठ पाहावी. वैमानिकाच्या आसनामागून शेपटीपर्यंत जो उंचवटा जातो तो एफएलमध्ये सडपातळ असतो, एममध्ये भरतो, आणि बिसमध्ये चांगला गुबगुबीत होऊन शेपटीला भिडतो. वयाप्रमाणे पाठ भरत गेली म्हणा ना. एफएलच्या पोटात बंदूक नाही, एमच्या आणि बिसच्या पोटात आहे. आणि समोरची काच एकसंध, मध्ये पट्टी नसलेली असेल, तर ते बिसचे सुधारलेले रूप, बायसन. १२५ विमाने अशी सुधारून घेतली होती, त्यांतली बहुतेक ओझरलाच. चंदीगडला निरोप दिला तो ह्यांना.

पाठभेद उगीच होत नाहीत, त्यामागे काही घडलेले असते. ह्या बंदुकीचेच घ्या. १९६५ च्या सप्टेंबरात मिग २१ प्रथमच आपल्या लढाईत उतरले. एका वैमानिकाने शत्रूच्या सेबर विमानावर दोन्ही क्षेपणास्त्रे सोडली. दोन्ही चुकली. शत्रू पुढ्यात, वेग आपला जास्त, आणि हातात काहीच नाही, कारण विमानाला बंदूकच नव्हती. ज्यांनी हे विमान रचले त्यांची समजूत होती की क्षेपणास्त्रांच्या युगात बंदुकीचे काम संपले. लढाईने ती समजूत मोडली. म्हणून आपल्या एफएल विमानांच्या पोटाखाली दुहेरी नळीच्या तेवीस मिलिमीटर बंदुकीचे गाठोडे बाहेरून बांधण्यात आले, आणि पुढच्या एममध्ये ती बंदूक पोटातच गेली. तेव्हा चौथऱ्यावरच्या विमानाच्या पोटात बंदूक आहे की नाही, हा प्रश्न चिल्लर नाही. तो १९६५ च्या आधीचे की नंतरचे शहाणपण, असा प्रश्न आहे. पाटीवर नुसते 'मिग २१' लिहिले की ही सगळी गोष्ट पुसली जाते.

सातारा-सांगलीकडच्या मुलीला ह्यात पडण्याचे काय कारण, असेही कोणी म्हणेल. कारण एक सोडून दोन आहेत.

सांगलीचे अभियांत्रिकी महाविद्यालय ज्यांच्या नावाने ओळखले जाते त्या सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी म्हैसूर सरकारला बरोबर घेऊन डिसेंबर १९४० मध्ये बंगलोरला हिंदुस्थान एअरक्राफ्ट काढली. आजच्या एचएएलचे मूळ ते. आणि दुसरे नाव तर आपल्या घरचेच. यशवंतराव चव्हाण ह्यांचा जन्म १९१३ साली देवराष्ट्र्याचा. हे गाव तेव्हा सातारा जिल्ह्यात होते, आज सांगलीत आहे. आमचे गाव तिथून फार लांब नाही. नोव्हेंबर १९६२ मध्ये, चीनकडून मार खाल्लेल्या दिवसांत, यशवंतराव संरक्षणमंत्री झाले. मिगचा मूळ करार त्यांच्या आधीच, त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये ठरला होता. पण कागदावरचे विमान उडत नाही. १९६४ च्या मे महिन्यात यशवंतराव अमेरिकेला गेले. आपल्याला एफ-१०४ स्टारफायटर विमाने हवी होती. पाकिस्तानला ती डझनभर मिळालीही होती. आपल्याला नकार मिळाला. ह्या दौऱ्यातच नेहरू गेल्याची बातमी आली आणि यशवंतरावांना परतावे लागले. मग ऑगस्टच्या अखेरीस ते मॉस्कोला गेले आणि मिगचे काम पक्के करून आले. सांगाडा ओझरला, इंजिन ओरिसात कोरापुटला, उपकरणे हैदराबादला अशी वाटणी झाली. त्या आधी १९६३ मध्ये यशवंतराव नाशिकमधून लोकसभेवर बिनविरोध गेले होते, आणि कारखाना नाशिकला आला, ह्या दोन गोष्टींचा संबंध लोक आवडीने जोडतात. जोडोत बापडे. मला महत्त्वाचे वाटते ते हे की, नुसती विमाने विकत घेण्यावर न थांबता ती इथे बांधायची, हा हट्ट धरला गेला.

आणि ज्या स्टारफायटरला आपण नको झालो, त्याचे पुढे काय झाले? १२ डिसेंबर १९७१ रोजी कच्छच्या आखातावर फ्लाइट लेफ्टनंट भारतभूषण सोनी ह्यांनी आपल्या एफएलने पाकिस्तानचे एक स्टारफायटर समुद्रात पाडले, ते बंदुकीने. तीच बंदूक, पोटाखाली मागाहून बांधलेली. दोन दिवसांनी, १४ डिसेंबरला, ढाक्यात गव्हर्नरच्या निवासस्थानी बैठक भरणार असल्याचे कळले आणि आपल्या मिगांनी त्या इमारतीवर अग्निबाण सोडले. गव्हर्नर मलिक ह्यांनी त्याच दिवशी राजीनामा लिहिला. दोन दिवसांत युद्ध संपले.

ह्या गोष्टी पुस्तकांत सापडतात. वैमानिकांची नावे, पदके, तारखा सगळे मिळते, आणि ते योग्यच आहे. जे मिळत नाही ते पत्रा ठोकणाऱ्याचे नाव. इथे मला आमच्या ओझरच्या आजोबांविषयी सांगितले पाहिजे. ते माझ्या आईचे चुलते. दुष्काळी गावातून आय.टी.आय. करून १९६९ साली ओझरला फिटर म्हणून लागले. गावात त्यांच्याविषयी 'मिगमध्ये हाय' असे म्हणत, आणि बऱ्याच जणांची समजूत ते विमान चालवतात अशी होती. आजोबांनी ती समजूत फार घाईने दूर केली नाही असे आजी म्हणते. ते पंखाच्या विभागात रिव्हेट मारत. एकाने बाहेरून हवेची बंदूक धरायची, दुसऱ्याने आतून लोखंडी ठोकळा टेकवायचा. दिवसभर हेच. मी त्यांना विचारले की ह्यात अवघड ते काय. ते म्हणाले, "पोरी, रिव्हेटचं डोकं केसाएवढं जरी वर ऱ्हायलं तरी त्या वेगाला वारा तिथं अडतो. मारून झालं की वरनं हात फिरवायचा. डोळ्याला दिसत न्हाई ते बोटाला कळतं."

त्यांच्याकडूनच मला कळले की 'ओझरला बांधले' ह्या शब्दांचाही अर्थ वर्षागणिक बदलत गेला. सुरुवातीला रशियातून भली मोठी खोकी यायची. उघडायची आणि जुळवायची. मग खोक्यांत तयार भाग कमी येऊ लागले आणि सुटे तुकडे जास्त. मग तुकडेही इथेच कापायचे. १९७० मध्ये कच्च्या मालापासून तयार केलेले पहिले एफएल ओझरहून बाहेर पडले. "तवा पेढे वाटले," आजोबा म्हणतात. किर्लोस्करवाडीच्या लोखंडी नांगराची गोष्ट आपल्या भागात सगळ्यांना ठाऊक असते. नांगर १९१० नंतरचा आणि मिग साठ वर्षांनंतरचे. मधल्या काळात आपल्या माणसांचा हात कुठवर गेला ते ह्यावरून दिसते. नांगराचे कौतुक पाठ्यपुस्तकात येते, मिगच्या पंखाचे येत नाही, ह्याचे कारण मला सापडत नाही. रशियन आराखड्याबरहुकूम केले म्हणून ते 'नुसती जुळणी' असे काही विद्वान म्हणतात. त्यांनी एकदा आराखडा समोर ठेवून एक पंख जुळवून दाखवावा.

गेल्या वर्षी परगावी एका लग्नाला गेलो असताना तिथल्या चौकात आजोबांनी चौथऱ्यावरचे मिग पाहिले. पाटी त्यांनी वाचली नाही. मान वर करून पंखाखाली पाहिले आणि म्हणाले, "दोन. म्हंजे सत्त्याहत्तर. म्हंजे आमचंच असणार." मग चौथऱ्याभोवती त्यांनी सावकाश फेरी घातली. रखवालदाराने विचारले, "बाबा, काय बघताय?"

"काम बघतोय," आजोबा म्हणाले.

रखवालदाराला काही उमगले नाही, आणि त्यात त्याचा काय दोष? पाटीवर लिहिलेले असते, 'हे विमान ओझर येथे अमुक साली बांधले', तर त्याने आजोबांना खुर्ची दिली असती. निदान मला तसे वाटते.

इथपर्यंत वाचून कोणाला वाटेल की मिगची आरती चालू आहे. तसे नाही. ह्या विमानाला लोकांनी 'उडती शवपेटी' म्हटले आहे आणि ते उगाच नाही. मे २०१२ मध्ये तत्कालीन संरक्षणमंत्री ए. के. अँटनी ह्यांनी संसदेत सांगितले की, घेतलेल्या ८७२ मिग विमानांपैकी ४८२ विमाने त्या एप्रिलपर्यंत अपघातांत गेली. त्यांत १७१ वैमानिक मृत्यू पावले, शिवाय ३९ नागरिक. हा आकडा सर्व जातींच्या मिगांचा आहे, पण त्यातला मोठा वाटा मिग २१ चा. कारणे सांगताना यंत्रातील दोष आणि माणसाच्या चुका असे दोन्ही म्हटले गेले. पण तिसरे एक कारण ह्या दोहोंच्या मध्ये कुठेतरी आहे. मिग २१ ताशी सुमारे ३४० किलोमीटर वेगाने जमिनीवर उतरते. साध्या, संथ विमानावर शिकलेल्या बावीस-तेवीस वर्षांच्या मुलाला एकदम ह्याच्यावर बसवायचे, मध्ये पायरीच नाही. दोन आसनांची मिग होती, ती अपुरी. ही मधली पायरी हवी, प्रगत शिकाऊ विमान हवे, असे ला फोंतेन समितीने १९८२ मध्ये सांगितले. हॉक विमानांचा करार झाला २००४ मध्ये. बावीस वर्षे! विमाने आली २००८ मध्ये. मधल्या काळात जी मुले गेली त्यांचे खाते कोणाच्या नावावर मांडायचे?

१७ सप्टेंबर २००१ रोजी राजस्थानात सूरतगढला फ्लाइट लेफ्टनंट अभिजित गाडगीळ मिग २१ च्या अपघातात गेले. चूक वैमानिकाची, असे आधी ठरले. त्यांच्या आई कविता गाडगीळ ह्यांनी ते मानले नाही. एका मराठी घरातली ही बाई वर्षानुवर्षे प्रश्न विचारत राहिली, आणि अखेर तिच्या मुलावरचा ठपका दूर झाला. शत्रूशी लढणाऱ्याला आपण वीर म्हणतो. कचेऱ्यांशी लढणाऱ्या आईला काय म्हणायचे, त्यासाठी आपल्याकडे शब्द नाही.

आजोबांना ह्या अपघातांविषयी विचारायला मी कचरत होते. पण त्यांनीच एकदा विषय काढला. कुठे विमान पडल्याची बातमी आली की दुसऱ्या दिवशी विभागात कोणी मोठ्याने बोलत नसे, प्रत्येकाच्या मनात एकच: आपल्या हातचे तर नसेल? "आमचं काम तपासनीस बघायचा, शिक्का मारायचा, मगच फुडं जायचं," एवढेच ते म्हणाले आणि रेडिओ लावला. ही काळजी कोणत्या पाटीवर येणार?

आता वीरगळांविषयी. आमच्या गावी मारुतीच्या देवळामागे तीन वीरगळ आहेत. सातारा-सांगलीत असे गाव विरळाच, जिथे एखादा तरी वीरगळ नाही. खालच्या चौकटीत लढाई आणि पडलेला वीर, मधल्या चौकटीत त्याला वर घेऊन जाणाऱ्या अप्सरा, सगळ्यात वर तो शिवलिंगाची पूजा करतो आहे, आणि माथ्यावर चंद्रसूर्य. ज्याने गाव राखले, गुरे सोडवली, त्याच्यासाठी गावाने दगड कोरून घेतला. पण बहुतेकांवर अक्षर नाही. त्या पिढीला वाटले असेल, नाव लिहायचे कशाला, सगळ्यांना ठाऊकच आहे. दोन पिढ्या गेल्या आणि कोणालाच ठाऊक राहिले नाही. आमच्या तिघांपैकी एकाला लोक शेंदूर लावतात, एक उकिरड्याच्या कडेला कलंडला आहे आणि तिसऱ्यावर माझ्या लहानपणी बायका धुणे आपटत. तिघेही वीर असतील, पण कोण, कधी, कशासाठी, हे गेले ते गेलेच.

चौथऱ्यावरचे मिग हा आपल्या काळाचा वीरगळ आहे, आणि आपण त्याच रस्त्याने चाललो आहोत. किंबहुना जुन्या पाथरवटांपेक्षा आपण एक पाऊल मागेच आहोत. त्याने खालची चौकट कधी गाळली नाही. वीर कसा मेला ते त्याने आधी दाखवले आणि मग त्याला स्वर्गात नेले. आपण विमानाचे नाक आकाशाकडे करून थेट वरचीच चौकट लावतो. खालची चौकट, म्हणजे बांधणारे हात, बंदुकीविना झालेली फजिती, १७१ मुले, बावीस वर्षांचा उशीर, हे काही दाखवायचे नाही. चौथरा स्वच्छ, रंग नवा, दिव्यांची माळ.

ह्यावर दोन आक्षेप मी ऐकले आहेत. एक असा की अपघातांचे लिहिले तर तरुणांचे मन खचेल. सातारा जिल्ह्यात हे म्हणणे जरा धाडसाचे आहे. जिथे अपशिंगे गावाच्या नावातच मिलिटरी आहे, जिथून पहिल्या महायुद्धात गेलेले ४६ जण परत आले नाहीत आणि तरी पुढच्या प्रत्येक पिढीने पोरे पाठवली. जिथे १९६१ साली देशातले पहिले सैनिक स्कूल निघाले आणि ज्या शाळेतून प्रदीप नाईकांसारखे हवाईदल प्रमुख झाले, त्या मातीत खरे सांगितल्याने कोणी घाबरेल असे मला वाटत नाही. आणि आता मुलीही त्यात आहेत. फेब्रुवारी २०१८ मध्ये अवनी चतुर्वेदी ह्यांनी जामनगरहून एकटीने लढाऊ विमान उडवले, भारतीय स्त्रीने पहिल्यांदाच, ते हेच मिग २१ होते. त्यांना अपघातांचे आकडे ठाऊक नव्हते का?

दुसरा आक्षेप जागेचा. पाटी लहान, एवढे कुठे मावणार? ह्याला उत्तर सोपे आहे. पहिल्या महायुद्धानंतर इंग्रज सरकारने आपल्याकडच्या कित्येक गावांत दगडी पाट्या लावल्या. गावातून किती गेले, किती पडले, दोन ओळींत. परक्या सरकारने नावे लिहिली नाहीत, पण निदान मोजदाद तरी केली. आपल्याला उपस्थितांची यादी गाळली तर सात-आठ ओळी आरामात मिळतात.

माझे म्हणणे असे की आपल्या महाविद्यालयाच्या राष्ट्रीय सेवा योजनेने येत्या वर्षी सातारा आणि सांगली ह्या दोन्ही जिल्ह्यांत चौथऱ्यावर असलेल्या प्रत्येक विमानाची, रणगाड्याची, तोफेची नोंदवही करावी. दरवर्षी आपण तेच रस्ते झाडतो आणि तीच झाडे त्याच खड्ड्यांत लावतो. एक वर्ष हे करून पाहू. यंत्र मिग असेल तर हूक मोजावेत, पाठ पाहावी, पोटात बंदूक आहे का ते टिपावे, आणि मुख्य म्हणजे क्रमांक शोधावा. आपल्या हवाईदलात मिग २१ च्या क्रमांकाआधी इंग्रजी 'सी' अक्षर असते. क्रमांक मिळाला की ओझरला आणि हवाईदलाला पत्र लिहून ते विमान कोणत्या साली बांधले, कोणत्या तुकडीत उडाले, हे विचारता येईल. रंग देणाऱ्यांना मात्र आधी गाठावे लागेल, कारण दर पंधरा ऑगस्टला नवा रंग चढतो आणि जुना क्रमांक त्याखाली जातो. जिथे माहिती मिळेल तिथे ग्रामपंचायतीने अगर नगरपालिकेने मराठीत नवी पाटी लावावी: प्रकार, बांधणीचे ठिकाण, साल, क्रमांक, कोणत्या युद्धात होते, सेवेतून केव्हा उतरले, आणि ह्या जातीच्या विमानांवर किती वैमानिकांनी प्राण दिले. उद्घाटकांचे नाव मागच्या बाजूला चालेल.

प्राचार्यांकडे द्यायचा अर्ज मी लिहिला आहे. त्यावर आतापर्यंत एकोणीस जणांच्या सह्या झाल्या आहेत, त्यांत निफाडचा तो एक. वहीतली पहिली नोंद मी आजोबांबरोबर पाहिलेल्या विमानाची केली. ते आपल्या दोन जिल्ह्यांच्या बाहेरचे आहे, पण सुरुवात कुठून तरी करायची म्हणून: हूक दोन, पाठ सडपातळ, पोटात बंदूक नाही. टाइप ७७. क्रमांक रंगाखाली झाकलेला. 'सी' आणि त्यापुढचा एक आकडा, बहुधा ९, एवढे उन्हात तिरके उभे राहिले की वाचता येते.